पेशी वाढायला पाहिजेत

छावणी, छत्रपती संभाजीनगर
९ एप्रिल २०२५

मामा,

पाया पडते.

फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही, आणि मामीला सांगावं तर ती निम्मं विसरते अन् उरलेल्यात स्वतःची भर घालते. म्हणून लिहितेय. पैठणच्या गाडीवरच्या फकिराकाका कंडक्टरच्या हाती पत्र देते. तुम्हीही उत्तर त्यांच्याकडंच द्या.

परवा वैजूवहिनी बानूला दाखवायला आली होती, माझ्याच खोलीवर राहिली. डॉक्टर काय म्हणाले ते तिनं घरी सांगितलं असेल, पण रडत रडत सांगितलं असेल, म्हणून मी पुन्हा सांगते. तुमच्या नातीच्या हृदयाचा डावा कप्पा जन्मापासून लहान आहे. जन्मल्या जन्मल्या फुगा घालून तिची अरुंद झडप उघडली, तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता कप्पा आपोआप वाढेल. पाच महिने झाले, वाढला नाही. म्हणून तर ती चार घोट प्यायली की घामानं भिजते आणि दूध सोडून देते.

माझं कामच पेशींचं आहे, तुम्हाला माहीत आहे. दिवसभर त्यांच्याकडंच बघत असते. नुसत्या पेशी चांगल्या असून भागत नाही मामा, आजूबाजूचं वातावरण कसं आहे यावर सगळं असतं. वातावरण कडक असलं की पेशी पुढं सरकत नाहीत, आहेत तिथंच अडकून बसतात. बानूचं तेच झालंय. ती पोटात होती तेव्हापासूनच ते कडक होत गेलं. आता ते मऊ करायला पाहिजे आणि लवकर करायला पाहिजे. डॉक्टर त्यासाठी ऑपरेशन सुचवतायत.

माणिकदादा मेंढरं घेऊन नगरकडं गेलाय, त्याचा फोन लागत नाही. लागला तरी "अण्णा म्हणतील तसं" एवढंच म्हणेल. बाप असून तो तुमच्या तोंडाकडं बघतो, तेव्हा ठरवायचं तुम्हालाच आहे. बिरूमामांशी चाललेल्या कोर्टकज्ज्यातून जरा डोकं काढा आणि इकडं बघा.

बानूसाठी शहागंजातून दोन झबली घेतलीत, सोबत पाठवते.

तुमची
प्रांजली


वाडी, ता. पैठण
१३ एप्रिल २०२५

प्रांजे,

तुपलं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. झबली मोठी हायती, पण असू दे, पोरगी काय तेवढीच ऱ्हानार हाय का.

पेशी पुढं सरकत नाय हे तू मला सांगतीस व्हय? मपली हयात गेली त्यात! तू काल शिकलीस, मला ते कवापासून ठाव हाय. पन त्याचा ह्या लेकराच्या काळजाशी संबंध असंल हे मातर ध्यानात आलं नाय. आधी तुपला राग आला. म्हनलं ही दीड दमडीची पोरगी मला शिकवायली. मग रातभर झोप नाय.

वैजू पोटुशी असताना मीच तिला दोनदा नेलं. दिवसभर बाकड्यावर बसवलं. पुकारा झाला की उठायची, पुन्ना बसायची. तुपली मामी म्हाळसा म्हनत व्हती, भरल्या दिवसाच्या बाईला कशाला नेता, लेकरू आत सगळं ऐकत असतंय. मी तिला गप केलं. आता तू शिकलेलीबी तेच म्हनतीस तर खरंच असंल.

मला येकच सांग. पेशी कमी केल्या तर पोरीचं काळीज वाढंल का? का बंदच कराव्या? तू म्हनशील ते करतो. लेकरापरीस मला काय जास्त नाय.

माणिकचा पत्ता नाय. मेंढरं गोदावरीच्या पल्याड गेली म्हनत्यात.

बिभीषण मामा


छावणी
१८ एप्रिल २०२५

मामा,

पाया पडते.

तुमचं पत्र वाचून मी थक्कच झाले. आमच्याकडं एम.एस्सी.ची पोरं येतात, त्यांनाही एवढा मुद्द्याचा प्रश्न सुचत नाही. तुमची हयात मेंढरांत गेली, पेशींत कुठं जायला! थट्टा करता होय माझी?

पण उत्तर देते. कमी नाही मामा, उलट पेशी वाढायला पाहिजेत! जितक्या वाढतील तितकं बानूच्या हृदयाला बळ. बंद करायचं तर मनातसुद्धा आणू नका, बंद झाल्या की संपलंच. फक्त वातावरण मऊ पाहिजे. एकदा मऊपणा मिळाला की पुढचं काम पेशी आपलं आपण करतात.

वैजूवहिनीला नेलं म्हणून जिवाला लावून घेऊ नका. नेलं ते चांगलंच केलं. बाकड्यावर बसायला लागतं, नंबर पुकारेपर्यंत थांबायला लागतं, ते सगळीकडं तसंच आहे.

आता नीट ऐका. मुंबईचे सर्जन इथं महिन्यातून एकदाच येतात. वीस मेला येणार आहेत. त्याआधी बानूला दाखल करावं लागेल. तुमचा होकार कळवा, मी नाव लावते.

मामीला म्हणावं धपाटे पाठव. इथल्या खानावळीत धपाटा म्हणून जे देतात ते तव्यालाही लाज आणतं.

प्रांजली


वाडी
३० एप्रिल २०२५

प्रांजे,

तू सांगितल्यापरमानं केलं.

तू पेशी बंद करू नका म्हनलीस, तर नाय केल्या. काल पैठणला कोर्टात पेशी व्हती. येरवी मी सकाळपासून दात खाऊन जातो, बिऱ्याच्या तोंडाकडं बघत नाय. माणिकच्या जन्माच्याबी आधीचा मुकद्दमा हाय आमचा. मेंढरांचं वाडगं बसवायच्या जागंवरून दोगं सख्खे भाऊ येकमेकाला वकिलाच्या तोंडून बोलतो. पन तू लिहिलंस वातावरण मऊ पायजे. म्हनलं करून बघावं, लेकरासाठी काय बी.

म्हाळसाला धपाटे करायला लावले. तुपल्या वाट्याचे फकिरापाशी देतोय. बाकीचे घेऊन कोर्टाच्या आवारात बिऱ्याच्या बाकड्यावर जाऊन बसलो. तो सरकला. मी बी सरकलो. तो उठाय लागला तर हात धरला. म्हनलं, "बिरू, खा." असं बिरू म्हनून किती वर्सांनी म्हनलं असंल कुनाला ठाव. तो धपाट्याकडं बघायला अन् मपल्याकडं बघायला. मग म्हनतो, "ह्यात काय घातलंय?" म्हनलं, "ज्वारी." तरी मपल्या हातातला तुकडा आधी मला खायला लावला, मगच त्यानं खाल्ला. हरामखोर लहानपनापासून तसाच हाय.

त्याचा वकील पळत आला. त्याला वाटलं मी साक्ष फिरवायला बसलोय. बिऱ्यानंच त्याला हाकललं. मग विचारलं, "दादा, तुला काय झालंय? दुखनं-बिखनं लागलं का?" म्हनलं, मला नाय, बानूला. तिच्या काळजाला मऊ पेशी पायजेत, शहरच्या डॉक्टरनं सांगितलंय. त्याला काय बी कळलं नाय, पन तो बाकड्यावरनं उठला नाय. पुकारा झाल्यावर आत जाताना मपली टोपी खाली पडली तर त्यानं उचलून दिली.

सांगायची गोष्ट ही, की गुन येतोय. काल रातच्याला बानू रोजच्यापरीस दोन घोट जास्त प्याली, वैजूला विचार. तवा आता लेकराला कापायची गरज नाय. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागतीय, पुढली पेशी जूनच्या तिसऱ्या हप्त्यात हाय. तवर थांबू. तवा बिऱ्याला घरीच जेवाया बोलवीन म्हनतो. तू सर्जनला नको म्हनून कळव.

बिभीषण मामा


छावणी
२ मे २०२५

मामा,

मामा, मामा, मामा. मी डोकं धरून बसलेय.

पेशी म्हणजे कोर्टाची पेशी नव्हे हो!

मी मामीला फोन केला. ती तुमच्या कानात ओरडली तेही मला ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, "लिहून काय आलंय ते दाखव." मग मामी मला म्हणाली, "बाई, तूच लिही. त्यांना कागदावरचंच खरं वाटतं." म्हणून धावत स्टँडवर येऊन, इथंच बाकावर बसून लिहितेय. फकिराकाका गाडी सोडायला थांबलेत आणि मागून प्रवासी शिव्या घालतायत.

आपलं अंग ज्या डोळ्याला न दिसणाऱ्या जिवंत कणांचं बनलेलं असतं, एकाचे दोन, दोनाचे चार होत जे वाढतात, त्यांना पुस्तकी भाषेत पेशी म्हणतात. बानूच्या डाव्या कप्प्याला आतून पांढरा, चिवट पापुद्रा चढलाय. झडप अरुंद होती, रक्ताचा जोर आतच कोंडत राहिला, त्यानं तो धरला. हृदयाच्या पेशी त्या पापुद्र्यात आवळल्या गेल्यात. त्यांना ताणायला, वाढायला जागा नाही. मी लिहिलं ते कडक वातावरण म्हणजे हे. सर्जन तो पापुद्रा सोलून काढणार आहेत, एवढंच ते मऊ करणं.

प्रयोगशाळेत मी दोन बशा ठेवते. एकीत खरवसासारखा मऊ थर, दुसरीत वडीसारखा घट्ट. दोन्हींवर पेशी त्याच. खरवसावरच्या धडधडतात आणि एकाच्या दोनही होतात. वडीवरच्या नुसत्याच धडधडतात. आणि हे वाढणं लहानपणीच असतं मामा. मूल मोठं होत जातं तसं ते थांबतं. म्हणून जूनपर्यंत थांबता येणार नाही. आत्ता नाही केलं तर तो डावा कप्पा सोडूनच द्यावा लागेल, आणि एका उजव्या कप्प्यावर पोरीला जन्म काढावा लागेल.

तुम्ही सोडून दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी पोट धरून हसले असते. पण तुम्ही धपाटे घेऊन त्या बाकड्यावर बसलात हे वाचलं आणि मला रडूच फुटलं. समोर बसलेली बाई विचारतेय, घरात कुणी गेलं का.

एक खरं सांगते. मला भीती वाटते. बशीत होतं ते बाळात होईलच असं नाही. मी डॉक्टर नाही. आई गेल्यावर मला या शिक्षणापर्यंत आणलंत ते तुम्ही, आणि आज माझ्या शब्दावर तुम्ही पोरीला टेबलावर द्याल. तिचं काही बरंवाईट झालं तर मी तुमच्या दारात पाय कसा ठेवू? म्हणून मला विचारू नका. डॉक्टरांशी बोला आणि ठरवा. पण लवकर ठरवा.

प्रांजली


वाडी
५ मे २०२५

प्रांजे,

आधी शिव्या. तुमच्या पुस्तकवाल्यांना दुसरा शब्द गावला नाय का? कोर्टाचा शब्द उचलून काळजाला लावला त्यो कोन शाना? त्याला मपल्यापुढं उभा कर.

येक दिस मी घराभाईर पडलो नाय. लाज वाटायली. पोरीचा इलाज सोडून मी कोर्टात धपाटे वाटत व्हतो, असं आख्ख्या वाडीत झालंय. म्हाळसा पदर तोंडाला लावून हसायली अन् मधूनच डोळे पुसायली. ते दोन घोट जास्त गेल्याचंबी खरं नव्हतं म्हन. वैजूनं मपल्या मनाला बरं वाटावं म्हनून सांगितलं व्हतं. बग, लेकराची आई असून ती मला धीर द्यायली.

काल बिऱ्याकडं गेलो. म्हनलं आता ह्याला खरं सांगावं, न्हायतर म्हनंल दादानं फसवलं. तुपलं पत्र वाचून दावलं. तो आधी हसला, असा हसला का ठसका लागला, त्याच्या बायकोनं पाठीत थापट्या मारल्या. मग पानी प्याला. म्हनला, "दादा, कापल्यावर रगत लागंल का?" म्हनलं लागंल. "मग मपलं अन् पोरांचं घ्या, घरचंच हाय." चहा प्यालो अन् आलो. कज्जा काय मिटला नाय. जागा त्याची नाय, मपली हाय, हे मी त्याला निघतानाबी सांगितलं. तो म्हनला, ते जूनमधी बघू.

आता तुपलं ऐक. तू लिहिलंस मला विचारू नका. नाय विचारत. पैठणच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीन बाईला तुपला कागद दावला, शहरच्या डॉक्टरासंगं तिनं फोनवर बोलून मला लिहून दिलं. मग माणिकला निरोप धाडला, तो काल रातच्याला आला. त्याला शेजारी बसवून विचारलं, तू बाप हायेस, तू बोल. तो म्हनला, अण्णा, सही मी करतो, तुमी मागं उभं ऱ्हा. तवा सही त्याची, अन् मागं मी. तुपलं नाव ह्यात कुठंच नाय. वाईट झालं तर ते मपल्या डोक्यावर. तू तुपल्या मामाच्या घरला कवाबी ये, दार उघडं नसंल तर लाथ मारून ये.

सोमवारी आणतो पोरीला. नाव लाव.

बिभीषण मामा


छावणी
२१ मे २०२५

मामा,

पाया पडते. आधी एवढंच वाचा, ऑपरेशन झालं, बानू आहे.

तुम्हाला परत पाठवलं म्हणून रागावू नका. आत दोघांनाच सोडतात, मामी माझ्या खोलीवर थांबलीय, आणि मेंढरांपाशी कुणीतरी हवंच होतं. काल सकाळी बानूला आत नेलं तेव्हा वैजूवहिनीनं तिचं झबलं मुठीत धरलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. माणिकदादा जिन्यात उभा होता, बस म्हटलं तरी बसेना. बिरूमामा आणि त्यांची दोन्ही पोरं रक्त देऊन आली होती, ती खाली कडुलिंबाखाली बसून होती. मधेच बिरूमामा वर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, डॉक्टरला इचार ना, अजून लागतंय का. मपल्या अंगात लई हाय."

सर्जननी बाहेर आल्यावर सांगितलं की पापुद्रा निघाला. सगळा नाही, पण बराचसा. तो निघताना आतला स्नायू तांबडालाल दिसला म्हणाले. मी चार वर्षं हेच शिकतेय आणि काल मला हात जोडण्यापलीकडं काही सुचलं नाही.

अजून ती यंत्राच्या श्वासावर आहे. छाती पट्टीखाली झाकलेली आहे, बोटं कापसासारखी पांढरी. हृदय नव्या जागेत काम करायला शिकतंय, त्याला वेळ लागेल. पुढचे काही दिवस अवघड आहेत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मी तुमच्यापासून काही लपवणार नाही.

प्रांजली


वाडी
२८ मे २०२५

प्रांजे,

पत्र नाय. फकिराला रोज फाट्यावर गाठतो, तो लांबूनच हात हलवतो, नाय म्हनून. त्याच्या तोंडाकडं बघवंना मला.

म्हाळसाचा फोन आला की शेजारची पोरगी घेती. ती म्हनती, बरं हाय म्हनत्यात. असं पडेल बरं हाय कुनी सांगतंय का? मला ठाव हाय बरं नसलं की कसं बोलत्यात.

तू लिहिलं व्हतंस लपवनार नाय. मग लिही. वाईट असंल तरी लिही. मला अंधारात ठिवू नको, लेकरा. मी म्हातारा झालो म्हनून का मला सांगायचं नाय? वाडग्यात जातो, मेंढरं मोजतो, इसरतो, पुन्ना मोजतो. काल बिऱ्या आला, मपल्या मेंढरांना पाला टाकला अन् गेला.

येक सबूद लिही. हाय का नाय.

बिभीषण


छावणी
३० मे २०२५

मामा,

आहे! आहे मामा, आहे.

चुकलं माझं, पण काय लिहू हे कळत नव्हतं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ताप चढला. रक्तदाब खाली गेला. यंत्र काढलं होतं ते पुन्हा लावावं लागलं. रोज पत्र लिहायला घ्यायची आणि 'बानू' एवढं लिहून थांबायची. पुढं काय लिहिलं तर खोटं होणार नाही, तेच कळेना. मामी आणि वैजूवहिनी माझ्या खोलीवर एकमेकींच्या पाठीला पाठ लावून पडायच्या. दोघीही जाग्या असायच्या आणि दोघीही झोपल्याचं सोंग घ्यायच्या.

काल सकाळी ताप उतरला. आज दुपारी यंत्र काढलं. नर्स म्हणाली, आई असेल तिनं बोलावं पोरीशी. वैजूवहिनी बोलायला गेली आणि तिला हुंदकाच आवरेना, तर मामीच पुढं झाली आणि म्हणाली, "ए भवाने, पुरे झालं झोपनं, मला घरी कामं पडल्यात." आणि बानूनं डोळे उघडले. नर्ससुद्धा हसली.

डावा कप्पा आकसतोय आणि पसरतोय. अजून लहानच आहे. पण आधी तो नुसता थरथरायचा, आता दाबतोय. मी पडद्यावर स्वतः पाहिलं.

तुम्ही जेवा. मेंढरं मोजू नका.

प्रांजली


छावणी
१९ जुलै २०२५

मामा,

पाया पडते. बानूची आज तपासणी झाली. वहिनी आणि माणिकदादा संध्याकाळच्या गाडीनं निघालेत, पण हे माझ्या हातून तुम्हाला कळावं म्हणून त्यांच्याकडंच कागद देतेय.

कप्पा वाढलाय मामा. डॉक्टरांनी आधीचं चित्र आणि आजचं चित्र शेजारी शेजारी लावलं. मी माप विचारलंच नाही, डोळ्यालाच दिसत होतं. पेशींना जागा मिळाली आणि त्यांनी ती घेतली. झडपेचं दुखणं संपलेलं नाही, पुढं कधीतरी तिचं काम करावं लागेल, औषधं चालू राहतील, दर तीन महिन्यांनी यावं लागेल. पापुद्रा पुन्हा धरतो का यावर लक्ष ठेवावं लागेल. तो धरणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही, मीही नाही. पण एका कप्प्यावर जन्म काढायची गोष्ट आज डॉक्टरांनी फाईलमधून खोडली.

त्यांच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी जिन्यात बसले आणि मनसोक्त रडले. मग प्रयोगशाळेत गेले. तिथं सगळे विचारायला लागले, काय झालं. मी म्हटलं, भाची मोठी झाली.

प्रांजली


वाडी
२४ जुलै २०२५

प्रांजे,

कागद पोचला. माणिकनं वाचून दावला, मग मी वाचला, मग बिऱ्याला वाचून दावला. तो म्हनला पुन्ना वाच. जूनच्या पेशीला आमी दोगं गेलो व्हतो. साहेब रजेवर व्हते, पुढली तारीख मिळाली. जागंचं अजून जमंना. मी म्हनतो आडवी वाटू, तो म्हनतो उभी. पन दोगं येकाच गाडीनं गेलो अन् येकाच गाडीनं आलो, वाटंत भांडत.

पोरी, तुला काय लिहू? तू लहान व्हतीस तवा म्हाळसा म्हनायची, हिला शिकवून काय करता, मेंढरामागं धाडा. मी म्हनायचो शिकू दे, निदान आपली पत्रं तरी वाचून दावंल. ह्याच्या पल्याड मला काय दिसलं नव्हतं. तू माणिकचं लेकरू वाचवलंस असं मी म्हनलो का तू म्हनशील मी नाय, सर्जननं. बरं, सर्जननं. पन मपल्या घरात तुपल्या नावानं आज पुरन घातलं, ते काय सर्जन खायला येनार नाय. तवा तूच ये.

आता कामाचं. काल वैजू रडत म्हाळसापाशी आली. मी म्हनलं आता काय झालं. म्हाळसानं विचारलं तर म्हनती, "आत्याबाई, दूध पुरंना." बानू येक अंग पिऊन संपवती, दुसरं संपवती, घाम नाय का दम नाय, अन् मग हात आपटत अजून मागती. वैजूला वाटलं तिचंच दूध आटलं. म्हाळसानं तिला जवळ घेतलं अन् दोघी चुलीपाशी बसून रडल्या, अन् ती मधी बसून दोघींच्या अंगावर हात आपटायली.

भाताची पेज द्यावी का नाचनीची, मीठ घालावं का नाय, डॉक्टरला विचारून लिही. फकिरापाशी आजच कागद धाडतोय, उद्याच्या उद्या लिही. पोरगी थांबाया तयार नाय.

बिभीषण मामा